औक्ष लावून मिळेल

गाडीत वाकायचं, उजव्या हाताची दोन बोटं स्पीकरच्या कागदावर टेकवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पहिले अर्थ दखा."

मिस्तरींची प्रत्येक दुरुस्ती अशी सुरू व्हायची. अर्थ म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडतात ती तार. ती सैल झाली की टेपमधून गाण्याच्या आधी घुं असा आवाज येतो आणि गाणं संपलं तरी तो जात नाही. आम्ही पेपरवाले त्या वाक्याला आमच्या धंद्यातला अर्थ चिकटवायचो आणि हसायचो. अर्थ आधी पाहायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

धुळ्यात पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलं की दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शटर, एक टेबल आणि टेबलावर पोट फाडून ठेवलेले गाड्यांचे टेप. उरलेलं काम रस्त्यावर, गिऱ्हाइकाच्या गाडीत. नव्वदीची सुरुवात होती. गाडीत टेप असणं ही तेव्हा प्रतिष्ठा होती आणि तो टेप कॅसेट खातो हे कबूल न करणं ही त्याहून मोठी. आमच्याकडची धूळ टेपच्या आत जाऊन कायमची वस्तीला राहायची. उन्हाने रबरी पट्टे ढिले व्हायचे. पहिल्या ओळीत बाई असलेली गायिका दुसऱ्या कडव्यापर्यंत पुरुष व्हायची.

पण कॅसेट फिरवणारा भाग मेला तरी आवाज मोठा करणारा भाग ठणठणीत असायचा. त्याच सुमारास कुणाकुणाचे मेहुणे आखातातून वॉकमन घेऊन यायला लागले होते. वॉकमनला पळायला पाय होते, पण आवाज नव्हता. टेपला आवाज होता, पाय नव्हते. मिस्तरी दोघांची सोयरीक जुळवायचे.

काम ऐकायला सोपं होतं. टेप उघडायचा, आवाजाच्या बटणामागचे पाय शोधायचे, तिथे जाळीच्या वायरला कथिलाचा डाग द्यायचा, टेप हवा की वॉकमन हे ठरवणारी एक खटकी बसवायची आणि वायरचं दुसरं टोक एका लहानशा सॉकेटातून बाहेर काढायचं. हे सॉकेट ते नेहमी अॅश ट्रेमध्येच बसवत. गिऱ्हाईक सिगारेट ओढतं का, हे विचारायची त्यांची रीत नव्हती. कुणी तक्रार केली तर म्हणायचे, "बिडी बाहेर प्या. गाडीमा गानं ऐका." त्यांच्यामुळे देवपुरात किती जणांची सिगारेट सुटली, हे कुठल्याही खात्याने मोजलं नाही.

परदेशी टेपवर अशा सॉकेटखाली ए, यू, एक्स अशी तीन अक्षरं असतात. गिऱ्हाइकं ती एकत्र उच्चारायची. मिस्तरींनी ती जशी ऐकली तशी रंगाऱ्याला सांगितली आणि रंगाऱ्याने आपल्या परीने सुधारून पाटीवर उतरवली. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं होती: "जुन्या टेपला औक्ष लावून मिळेल."

मी तेव्हा एका दैनिकाच्या धुळे कचेरीत बातमीदार होतो. मुख्य कचेरी जळगावला. शुद्धलेखनाबद्दल आम्हा लोकांना फार आदर असे, विशेषतः दुसऱ्यांच्या. आठवड्याच्या टवाळीच्या चौकटीत मी चार ओळी लिहिल्या: देवपुरात आता आयुष्यही डाग देऊन मिळू लागले आहे, इच्छुकांनी गाडीसह यावे. चौकट छापून आली आणि आपण भाषेची सेवा केली या समाधानात मी दोन दिवस काढले.

तिसऱ्या दिवशी मिस्तरींनी मला पुलावर गाठलं. हातात पेचकस होता. मी सायकलवरून उतरलो.

"भाऊ, ते तुम्हीन लिखं?"

"हो. मिस्तरी, तो शब्द औक्ष नाही. इंग्रजी शब्द आहे."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मला वाटलं, राग आवरत असावेत.

"टेप मरेल व्हता," ते म्हणाले. "मी तार लाई, तो बोलाले लागना. मंग मी काय लायं, तुम्हीच सांगा."

ते हसले. "तुमनामुये तीन गाड्या उन्यात. आजून लिखा."

पुढच्या खेपेला पाहिलं तर चौकटीचं कात्रण काच लावून शटरच्या आत टांगलेलं होतं. आमच्या पेपरातला मजकूर इतका जपून ठेवणारा दुसरा वाचक मला आजवर भेटलेला नाही.

मग आमच्या कचेरीची जीप त्यांच्याकडे गेली. या जीपमधून मी आणि बापू ड्रायव्हर धुळे-जळगाव करायचो. तिच्या टेपने आमच्या सहा कॅसेट खाल्ल्या होत्या. माझ्याकडे सभा टिपायचा छोटा रेकॉर्डर होता. तो जीपच्या टेपला जोडला तर वाटेत भाषण ऐकत बातमी जुळवता येईल, अशी माझी कल्पना. पुढाऱ्यांची भाषणं दुसऱ्यांदा ऐकण्यासाठी खटपट करून घेणारी खानदेशातली ती बहुधा एकमेव जीप.

मिस्तरींनी बोटं टेकवली. "पहिले अर्थ दखा." मग बापूला इंजिन चालू करायला लावलं. अॅक्सिलरेटर दाबला की घुं चढायचा, सोडला की उतरायचा. त्यांनी गंजलेला नट काढला, पत्रा खरवडून चकाकवला, तार नव्याने आवळली आणि पुन्हा बोटं टेकवली. घुं गेला. जीपमध्ये एका आमदाराचा आवाज स्वच्छ घुमू लागला.

"कसं येस?" त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं.

"छान."

"अर्थ लागना?"

"तारेचा लागला. भाषणाचा नाही लागला."

"ते मन्हं काम नही, भाऊ."

बापू आठ दिवस हे वाक्य कचेरीत सांगत होता.

दोनेक महिन्यांनी खड्ड्यांनी तार पुन्हा सैल केली आणि मी एकटाच जीप घेऊन गेलो. मिस्तरी दुसऱ्या कुणाच्या मोटारीत कमरेपर्यंत शिरलेले. मी मागून म्हणालो, "मिस्तरी, जीप आणलीय." उत्तर नाही. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा जरा वरच्या पट्टीत म्हणालो. चौकटीचा राग उशिरा निघालेला दिसतो, असं माझ्या मनात आलं. समोर अक्कांची चहाची टपरी होती. त्या तिथूनच म्हणाल्या, "भाऊ, समोर जा. मागून हाका मारून काय उपयोग?"

त्यांनी चहाचा ग्लास भरला, रस्ता ओलांडला आणि ग्लासाच्या बुडाने मोटारीच्या बॉनेटवर दोनदा ठोकलं. मिस्तरी लगेच बाहेर आले आणि ग्लास घेतला. मला पाहून, मी आत्ताच आलोय असं समजून म्हणाले, "कव्हय उनात?"

तेव्हा मला समजलं. दोन्ही कान गेले होते. आधी डावा, मग उजवा. तीन वर्षं झाली होती. शब्द ते ओठांवरून उचलत आणि घुं बोटांनी. उरलेलं गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर वाचत. "तुमचं तोंड वाकडं झालं की ते परत टेप उघडतात," अक्का म्हणाल्या. गल्लीत प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून गल्लीत त्यांना कुणी मागून हाक मारत नसे. शिंपी समोर येऊन बोलायचा, दूधवाला शटरवर थाप द्यायचा, अक्का पत्र्यावर ग्लास ठोकायच्या. बाहेरच्या गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नसे. कळलं असतं तर ज्याला गाणं ऐकू येत नाही त्याच्याकडे कुणी आपला टेप दिला असता? हे गल्लीला न शिकवता समजलं होतं.

अक्कांनी मला 'छापू नका' असं सांगितलं नाही. सांगावं लागेल असं त्यांना वाटलं नसावं.

मी लिहिलं. यावेळी टवाळी नव्हती. मनापासून लिहिलं, दोनदा तपासलं, मिस्तरींचा फोटो काढायला छायाचित्रकार नेला. त्यांनी नवा शर्ट घातला आणि स्पीकरवर बोटं ठेवून ताठ उभे राहिले.

"आजून औक्षवरच का?" त्यांनी विचारलं.

"हो, तसंच काहीतरी," मी म्हणालो.

'बोटांनी ऐकणारा कारागीर' या मथळ्याखाली मजकूर रविवारी आला. जळगावहून संपादकांचा फोन आला. एरवी तो फक्त चुकांसाठी यायचा. वाचकांची पत्रं आली. डोळे पाणावल्याचं बऱ्याच जणांनी कळवलं. एका शाळेने त्यातलं वाक्य फळ्यावर लिहिलं. आपण एका माणसाला न्याय दिला, असं मला वाटलं आणि तसं वाटल्याचं मी चार जणांना सांगितलंही.

लोक हळहळले. हळहळून झाल्यावर गाड्या दुसरीकडे नेऊ लागले. ज्यांच्या टेपमध्ये इतके दिवस काही दोष नव्हता, त्यांना घुं ऐकू यायला लागला. एका प्राध्यापकांनी मला थांबवून, लेख फार सुंदर आहे असं सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "टेपसाठी दुसरा कुणी चांगला माणूस आहे का हो?"

मी दुकानावर गेलो तेव्हा मिस्तरी टेबलाशी बसले होते. टेबलावर गिऱ्हाइकाचा एकही टेप नव्हता. काचेतली जुनी चौकट जागेवर होती. रविवारचा पेपर घडी करून एका मोडक्या सांगाड्याखाली ठेवला होता. समोर जाऊन मी काही बोलायच्या आत त्यांनी तो काढून माझ्यापुढे सरकवला.

"या टायमाले एक बी चूक नही, भाऊ."

आवाजात कडवटपणा नव्हता. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे तो नेहमी एकाच पट्टीत असायचा.

चुकीचं छापलं तर आमच्याकडे चूकदुरुस्ती छापतात. इथे चूक नव्हती, म्हणून दुरुस्तीही छापता आली नाही. उन्हाळ्यात शटर बंद झालं. मिस्तरी गावी, शिंदखेड्याकडे गेल्याचं बापूने सांगितलं.

दीड-दोन वर्षांनी त्याच भागात पाण्याच्या बातमीसाठी गेलो होतो. एका विहिरीवर मिस्तरी दिसले. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करत होते. मोटार सुरू होती आणि तिच्या पाठीवर त्यांचा तळवा. इथे कान लागत नव्हते. मी वळसा घालून समोर गेलो.

"भाऊ!" त्यांनी मोटार बंद केली. "जीपनं औक्ष चालू शे का?"

जीप आदल्याच वर्षी सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याला विकली होती. त्याने पहिल्या आठवड्यात जुना टेप उपटून टाकला होता.

"चालू आहे," मी म्हणालो. "एकदम चालू."

त्यांनी माझा चेहरा वाचला. मग पुढे आले आणि उजव्या हाताची दोन बोटं माझ्या गळ्यावर, घाटीच्या खाली टेकवली. बोटांना ग्रीस लागलेलं होतं.

"आते सांगा."

"चालू आहे."

"घुं येस, भाऊ," ते म्हणाले. "अर्थ सुटेल शे."

मग मी खरं सांगितलं. जीप विकल्याचं, टेप फेकल्याचं. आणि जे दोन वर्षं सांगायचं राहिलं होतं तेही. "मिस्तरी, तो लेख तुम्हाला विचारून छापायला हवा होता." त्यांनी बोटं काढली नव्हती.

"विचारतात तं मी नही सांगतू."

"माहीत आहे."

"म्हनीसनच तं नही विचारं."

त्यांनी बोटं काढली, फडक्याला पुसली, दुसरं फडकं माझ्याकडे दिलं आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं. मी ग्रीस पुसलं. त्यांनी मोटार सुरू केली आणि तळवा ठेवला. निघताना मी सवयीने मागून "येतो" म्हणालो. लक्षात आलं तेव्हा पुन्हा वळसा घालून समोर गेलो आणि तोच शब्द परत म्हणालो. त्यांनी मान हलवली.

तुमच्यापैकी कुणी त्या गल्लीत गेला असाल तर अक्कांच्या टपरीची मागची फळी पाहिली असेल. मिस्तरींची पाटी उन्हात सडत होती, ती अक्कांनी उचलून आणली आणि मापात बसवण्यासाठी दोन्हीकडून कापली. त्यामुळे आता तिच्यावर फक्त 'औक्ष' एवढंच उरलंय. नवीन लोकांना ते टपरीचं नाव वाटतं. कॉलेजची पोरं 'औक्षवर भेटू' म्हणतात.

मिस्तरी वारल्याचं मला तिथेच कळलं. आमच्या पेपरात ते आलं नव्हतं. शिंदखेड्याहून कुणी कळवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

अक्कांनी एवढंच सांगितलं आणि चहा गाळला. मी बाकावर अगदी त्यांच्या समोर बसलो होतो, हातभर अंतरावर. त्यांनी ग्लास उचलला, बुडाने फळीवर दोनदा ठोकला आणि मग माझ्यापुढे ठेवला.