नवापूरच्या पुढचे बावीस किलोमीटर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्या वर्तमानपत्रात वीस वर्षं काढली तिथेही नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

आधी हकीकत. तीन वर्षांपूर्वी बेसबॉलची एक नवी व्यावसायिक स्पर्धा सुरू होणार होती. तिच्यातल्या एका संघाला शाळकरी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, हवे होते, अठराच्या आतले. मी कॉलेजात बेसबॉल खेळलो होतो, पुढे नंदुरबारला बातमीदार झालो. म्हणून जिल्ह्यातल्या मुलांची पारख माझ्याकडे आली. वेग, नेम, खांदा, स्वभाव, वय — प्रत्येकाचं एक पान.

याकोब बारावीत होता. नवापूरच्या डोंगरपट्ट्यातला, आईवडील थोडी शेती आणि बाकी मजुरी करणारे. त्याच्या शाळेच्या मैदानावर फक्की मारून रेषा आखल्या होत्या. त्याचे क्रीडाशिक्षक माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, "भाऊ, देखी ले. हाऊ फेकस, अन् कॅचर माले शिव्या देस!"

स्पीडगनवर ताशी सव्वाशे किलोमीटर, जवळजवळ प्रत्येक चेंडूला. चाळिसाव्या चेंडूलाही खांदा उतरला नाही. असा हात मी जिल्ह्यात पाहिला नव्हता, आणि तसंच लिहिलं. तिथपर्यंतचं पान खरं आहे.

राहिलं वय. दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून. आमच्याकडे पोराला शाळेत घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी. माझाही. पण संघाच्या मुंबईच्या माणसांनी एवढे एक जून पाहिले आणि कळवलं — घरी जा, आईवडिलांना भेटा, दुसरा काही पुरावा असेल तर बघा. सोमवारी यादी बंद होणार होती. मी शिक्षकांकरवी निरोप दिला, रविवारी सकाळी येतो.

रविवारी नवापूरपर्यंत गेलो. तिथून गाव बावीस किलोमीटर. पाऊस नव्हता. रस्ता बरा होता. गाडीत पेट्रोल होतं. मी एका हॉटेलात बसलो, नाश्ता केला, दुसरा चहा घेतला, पेपर वाचला — आणि परत फिरलो.

का? मी कारण शोधून पाहिलं आहे. सापडलं असतं तर इथे लिहिलं नसतं, कारण ते सबबीसारखं दिसलं असतं. पण सापडलंच नाही. कंटाळा म्हणावा, तर तोही फारसा आला नव्हता.

संध्याकाळी पान पूर्ण केलं. "रविवारी घरी भेट दिली. घर बंद होते. वयाची खात्री होऊ शकली नाही." तीन वाक्यं. न पाहिलेल्या गावाचं नाव टाकून बातमी लिहिणाऱ्यांना मी ऑफिसात नावं ठेवत असे.

याकोबचं नाव यादीत आलं नाही. शिक्षकांनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं — घर बंद होतं. ते एवढंच म्हणाले, "आसं कसं व्हयनं भाऊ?"

एवढंच असतं तर कदाचित मी विसरलो असतो.

मागच्या वर्षी नंदुरबार स्टेशनवर तो दिसला. सुरतला बांधकामावर होता. त्यानेच ओळखलं, माझी पिशवी उचलून बाकावर ठेवली. मग अगदी साधेपणाने विचारलं, "सर, त्या रविवारी तुम्ही किती वाजता आले होते?"

मी पिशवीचा बंद सरळ करत राहिलो. त्याला वाटलं असावं, मी आठवतो आहे.

"आम्ही चर्चच्या पाळकबाबांकडे वही आणायला गेलतो. बाप्तिस्म्याच्या वहीत माझी खरी तारीख आहे ना. सतरा पूर्ण, वर दोन महिने. आई बोलली, मी एकटीच आणते. पण वही आम्हाला घरी न्यायला देतील का नाही, म्हणून पप्पा गेले, मीपण गेलो. दहा ते अकरा, बस. तुमच्यासाठी कोंबडी कापली होती, सर." तो हसला. "पप्पा अजून आईला बोलतात — तिघांनी कशाला जायचं होतं? आई बोलते, सर त्या टायमाला आलेच नसतील, चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी गेले असतील. त्या दोघांचं अजून चालू आहे."

खरं बोलायला तेव्हा किती शब्द लागले असते? तीन. मी आलो नाही.

मी म्हणालो, "साडेदहाला आलो होतो."

"म्हणजे आम्ही तिकडे असतानाच," तो म्हणाला. "सॉरी सर. तुम्हाला उगाच फेरा पडला."

मग त्याने खिशातून फोन काढला आणि घरी लावला. त्यांच्या बोलीत बोलत होता. ती मला येत नाही. पलीकडून बाईचा आवाज होता, त्याच्या आईचा असावा. मला एकच शब्द कळला, तो त्याने दोनदा सांगितला — साडेदहा. पलीकडचा आवाज थांबला.