टबातली पिवळी रेघ

गोंदियाजवळच्या डाक बंगल्यात मी बाबू होतो. तिथल्या न्हाणीघरात गोऱ्या साहेबांसाठी पांढरा टब होता आणि त्याच्या आतून, पाण्याच्या उंचीवर, एक पिवळी रेघ होती. गेल्या खेपेला ती पाहून मोठ्या साहेबाने माझ्या आधीच्या बाबूला घरी पाठवलं होतं. आता तोच साहेब पुन्हा येणार होता. मी सोडा लावून पाहिला, विटेची पूड लावून पाहिली. रेघ हलेना.

शेवटी दारावर चिंच विकायला आलेली एक बाई म्हणाली, "सरका, बाबूजी."

पदर खोचून ती चक्क टबात उतरली. चिंचेचा कोळ फासून, धानाच्या तुसाची राख घेऊन, देवाचा तांब्या घासावा तशी घासत सुटली. मधूनच रेघेवर नख मारायची आणि स्वतःशीच "हूं" करायची. दुपारपर्यंत रेघ गेली. एवढ्या मोठ्या भांड्यात साहेब काय करतो ते कळावं म्हणून ती ओसरीवर बसून राहिली.

साहेब आला, तासभर डुंबला आणि बाहेर येऊन माझ्यावर ओरडला. रेघ परत जागेवर होती.

बाईने आत जाऊन ती बोटाने पुसली आणि बोट हुंगलं.

"माणूस मळ सोडते, अन् त्याच पाण्यात कायले बसून राह्यते? भांडं साफ हाये, बाबूजी. आता साहेबाले चिंच लावा."

"काय म्हणते ती?" साहेबाने विचारलं.

तिला नोकरी नव्हती. मला होती.

"टब जुना झालाय म्हणते, साहेब."

साहेबाने नवा टब मागवला. त्यातल्या पहिल्या आंघोळीनंतर मी धोतर खोचलं आणि चिंच घेऊन आत उतरलो.