मेहुणी, मी आणि पट्टी न सोडणारी गाडी

माझ्या मेहुणीच्या साखरपुड्याचा मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा होता, आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी मी तिला घेऊन गुजरातच्या रस्त्याला होतो.

पळून जायचा विचार आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. ती नुकतीच नटली होती आणि मी नुकतीच गाडी घेतली होती, एवढंच.

गाडीत लेन असिस्ट होतं. म्हणजे रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या गाडी स्वतःच बघते, आणि आपण पट्टी ओलांडायला लागलो की स्टिअरिंग हलकेच पुन्हा आत ओढते. समोरच्या फ्लॅटमधल्या मेहताभाईंनी त्यांच्या गाडीतलं हे प्रकरण पहिल्याच दिवशी बंद करून टाकलं होतं. "अरे भाई, अपने भाईंदर में पट्टा है किधर?" असा त्यांचा सवाल. माझे सासरे अण्णा यांनी तीस वर्षं बस चालवलेली. त्यांना तर हे ऐकून धक्काच बसला.

"गाडी स्टिअरिंग वळवणार, मग माणूस काय करणार?"

"आरामात बसणार, अण्णा."

"तुम्ही आधीच आरामात बसता, सुहासराव."

मला मात्र ती सोय मनापासून आवडली, कारण गाडी चालवताना मी विचारांत गढतो. (वैशाली, म्हणजे माझी बायको, याला 'झोपणं' म्हणते.) मी विम्याच्या ऑफिसात फायली तपासतो. पण रस्ता मोकळा मिळाला की दहा मिनिटांत मी उत्तनच्या दीपगृहाचा रखवालदार होतो, समुद्राकडे तोंड करून चहा पितो, आणि जाणाऱ्या होड्यांना हात करतो. अशा माणसाला लेन सांभाळणारी गाडी मिळाली तर तो तिच्यावर प्रेम करणार नाही का!

त्या सकाळी मेहुणीला, म्हणजे गौरीला, बोरिवलीच्या पार्लरमधून उचलून गोडदेवच्या हॉलवर पोचवायचं काम माझ्याकडे होतं. "हायवेने सरळ ये, काशीमिऱ्याला डावीकडे वळ," वैशालीने मला तीनदा बजावलं. शिवाय तिने गौरीला फोनवरून लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला लावलं आणि ते फॅमिली ग्रुपवर टाकायला लावलं. नवऱ्या मुलाकडची सगळी मंडळी त्या ग्रुपवर आदल्याच आठवड्यात आली होती.

गौरी पार्लरमधून बाहेर आली ती अंदाजाने चालत. डोळे मिटलेले.

"पापण्या चिकटवल्यात जीजू," ती ओठ न हलवता म्हणाली. "अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत. बोलायचं नाही. हसवू नका."

मी तिला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. तिने फोन सायलेंटवर टाकून पर्समध्ये ठेवला, आणि आम्ही निघालो.

काय सुरेख सकाळ होती! हिवाळ्याचं कोवळं ऊन, दहिसरच्या पुढे चक्क मोकळा रस्ता, उजव्या हाताला धुक्यातले डोंगर. पट्ट्या नव्याने रंगवलेल्या, दुधासारख्या. गाडी त्यांच्या मधून अशी चालली होती की जणू कुणी पाळण्याला झोका देतंय. शेजारी मोरपिशी शालू नेसलेली मुलगी डोळे मिटून बसलेली. मी दीपगृहाचा पहिला जिना चढलो. दुसरा चढलो.

काशीमिरा आलं. ते माझ्या लक्षात आलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगतो! मी स्टिअरिंग डावीकडे घेतलं. गाडीने ते हलकेच उजवीकडे घेतलं. मी पुन्हा डावीकडे. तिने पुन्हा उजवीकडे, या वेळी टुंग असा आवाज करून.

कुणी इतक्या प्रेमाने नको म्हटलं की मला वाद घालता येत नाही. (लग्नाला बारा वर्षं झालीत.) मला वाटलं, पुढे खोदकाम असेल, गाडीला नकाशात दिसलं असेल, आता तीच पुढून वळवेल. मी हात सैल सोडले आणि तिसरा जिना चढलो.

तिकडे हॉलमध्ये वेगळंच चाललं होतं, ते मला नंतर कळलं. दोन्हीकडची साठ माणसं मोबाईलमध्ये डोकं घालून एक निळा ठिपका बघत होती. ठिपका काशीमिऱ्याला आला. सगळे उठून पदर सावरू लागले. ठिपका काशीमिरा सोडून पुढे गेला. सगळे पुन्हा बसले. मग ठिपका खाडीच्या पुलावर चढला. नवरा मुलगा तेजस हा खारी गावचा, मिठागरवाल्या जुन्या घराण्यातला. त्याची आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "पोरगी थांबत न्हाय! मनात कायतरी हाय तिच्या!"

माझा फोन वाजला, मी बटण दाबलं, आणि गाडीच्या स्पीकरमधून वैशालीचा आवाज घुमला. "सुहास! कुठे चाललायस?"

"हॉलवर."

"हॉल मागे राहिला! तू वसईत शिरतोयस!"

मी खिडकीतून पाहिलं. खाली खाडीचं पाणी चांदीसारखं पसरलं होतं, कडेला तिवरं, त्यांच्यावर पांढरे बगळे. फार सुंदर होतं, पण गोडदेव नव्हतं.

पूल उतरल्यावर मी गाडी कडेला घेतली. (तीही वैतागून टुंग टुंग करत आली.) गौरीने डोळे उघडले. एक पापणी उघडली, दुसरी चिकटूनच राहिली.

"जीजू, आपण कुठे आहोत?"

मी उत्तर देण्याआधी स्पीकरमधून दुसरा आवाज आला. तेजसचा, अगदी हळू.

"गौरी, तुला हे नको असेल तर आत्ता सांग. मी कुणाला तुला बोलू देणार नाही. खरंच."

तिकडे वैशालीचा फोन स्पीकरवर होता, साठ माणसं ऐकत होती. माझ्या दीपगृहापायी या पोरीचं लग्न मोडतंय की काय!

आणि मग जिला बोलायचीही बंदी होती ती गौरी ओरडली, "अरे, मला तूच पाहिजेस! जीजूंना वळता येत नाहीये!"

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टीही मारली. आत्याबाईंचा आवाज आला, "मंग ठीक हाय!"

फोन अण्णांनी घेतला. "सुहासराव, वळताना इंडिकेटर दिलात का?"

"नाही."

"तुमच्या गाडीचं पुस्तक मी वाचलंय. इंडिकेटर दिला की ती गाडी अडवत नाही. न देता वळलात की तिला वाटतं, ड्रायव्हर झोपला."

"झोपलाच होता," मागून वैशाली.

"आता पुढच्या कटवर उजवीकडचा इंडिकेटर द्या आणि यू-टर्न घ्या."

मी दांडी ओढली. वायपर सुरू झाले.

"दुसरी दांडी," अण्णा नुसत्या आवाजावरून म्हणाले. मग थोडं थांबून, "किती वर्षं गाडी चालवताय?"

"अठरा."

अण्णांनी फोन कट केला. तीस वर्षं बस चालवणाऱ्या माणसाचं ते फोन कट करणं मला फार लागलं.

परतीच्या वाटेवर मी प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला, आणि गाडी एखाद्या गुणी मुलीसारखी वळत राहिली. गौरी एका डोळ्याने खाडीकडे बघत होती. "जीजू," ती म्हणाली, "तो इतकं चांगलं बोलतो, हे मला आज कळलं." गुरुजींनी बारा वाजून पाच मिनिटांचा दुसरा मुहूर्त काढून ठेवला होता. एका पापणीवर साखरपुडा पार पडला, आणि फोटोंमध्ये नवरी सगळीकडे डोळा मारताना आली.

तीन महिन्यांनी लग्न झालं. गाड्यांची जबाबदारी अण्णांनी घेतली. मला हॉलच्या दारात खुर्ची देऊन पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायला बसवलं. मीही मन लावून लावत होतो. दीपगृहाच्या चौथ्या जिन्यावर होतो, तेवढ्यात एका आजोबांनी माझ्या हातातली कुपी काढून घेतली.

"जावईबापू, बस करा आता," ते म्हणाले. "मी लग्नाला सकाळीच आलोय. दर वेळी काय अत्तर लावताय, हा पाचव्यांदा बाथरूमला चाललोय!"