नानांचं माप

माझा पहिला फटका हुकला की नाना मोठ्यांदा ओरडायचे, "लाभ!"

हुकला म्हणजे चेंडू जागचा हललासुद्धा नाही. काठी हवेतून फिरली, टोपी पडली, कंबरेत उसण भरली. पण नानांच्या लेखी माप पडलं ते पडलं. मग "दोन", "तीन", "चार" अशी ती खणखणीत मोजणी दोन शेतांपलीकडे ऐकू जायची. आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. नानांनी उभं आयुष्य गावातल्या खळ्यांवर ज्वारी-बाजरी मोजली. दोन भावांच्या वाटण्या असोत की देवळाचं धान्य असो, नानांनी मोजलेलं पुन्हा कुणी मोजलं नाही. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि नानांना कुणी बोलावेनासं झालं. नाना रिकामे झाले आणि त्याच सुमारास मी बँकेतून निवृत्त झालो. खानदेशातल्या गोल्फचं नशीब फुटलं ते तिथे.

गोल्फ मला लावला पुण्याच्या साहेबांनी. शेवटची तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. साहेब खेळतात म्हणून मी खेळायचो आणि ते हसतात म्हणून हसायचो. निवृत्तीच्या आनंदात काठ्यांची अख्खी पिशवी विकत घेतली आणि जळगावला आलो. आल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की इथे पावलापावलावर सोन्याचं दुकान आहे, डाळीची गिरणी आहे, पण हे खेळायचं कुठे? बायको म्हणाली, "कपडे वाळत घालायला दांडा हवाच होता, बरं झालं."

नाना म्हणजे माझ्या बहिणीचे चुलत सासरे. पारोळ्याजवळ त्यांचं कापसाचं शेत. पऱ्हाट्या उपटल्या की पावसाळ्यापर्यंत रान मोकळं. त्यांनी माझं रडगाणं ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, मन्हं वावर शे ना!" आठवड्याभरात त्यांनी पाच ठिकाणी पाइपाचे तुकडे पुरून भोकं केली. प्रत्येक भोकाभोवतीची जमीन धुम्मसाने चोपून, शेणाने सारवून खळ्यासारखी गुळगुळीत केली. मी दोनदा सांगितलं, की तिथे गवत हवं. नाना म्हणाले, "गवत माजेल वावरले लोक नावं ठेवतस."

आता या मैदानाचं वर्णन ऐका. मोठमोठ्या मैदानांवर म्हणे तळी असतात, वाळूचे खड्डे असतात. असू देत बापडे! आमच्याकडे दुसऱ्या भोकाच्या वाटेत विहीर होती, तिसऱ्याला बाभळी, चौथ्याला शेजाऱ्याच्या शेळ्या. आणि सगळीकडे भेगा. एप्रिलमध्ये काळी जमीन अशी उलते, की खांद्यापर्यंत हात आत जातो. चांगला सरळ मारलेला चेंडू टप्पा घ्यायचा, घरंगळायचा आणि डोळ्यांदेखत गडप व्हायचा. नाना शांतपणे म्हणायचे, "उन्हाळामा जमीनले भूक लागस, भाऊ. एक माप तिनं." आणि एक फटका माझ्या नावावर चढायचा.

पहिल्या वर्षी सुरुवातीला तर मी अजिंक्य होतो. एकदा सुट्टीत आलेल्या माझ्या भाच्याने पाच भोकांना पंचवीस फटके घेतले, मी त्रेपन्न. नानांनी माझा हात उंच धरला. "ज्यानं माप जास्ती, तो मोठा!" त्यांचंही बरोबर होतं. खळ्यावर कमी मापं घेऊन कोण जिंकतो? गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो, पण मीही ती चूक लगेच दुरुस्त केली नाही. महिनाभर खुशाल जिंकत राहिलो, मग सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी जीभ वळवळली. फोनवर साहेबांना सांगून बसलो, की आमचं मैदान अख्ख्या खानदेशात सर्वांत अवघड आहे, पण मला आता हात बसलाय. आणि साहेब एका लग्नाच्या निमित्ताने जळगावला आले ते पांढरे बूट घालूनच! नानांनी त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी नवी घातली. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मोठा माणूस त्यांच्या मोजणीवर खेळणार होता.

आणि काय सांगू, साहेबांची त्या भेगांनी पार दैना केली. चार भोकं झाली तेव्हा मी एका फटक्याने पुढे होतो. आयुष्यात पहिल्यांदा! पाचव्या भोकाला मी मारलेला चेंडू शेतात कुठेतरी बेपत्ता झाला. आम्ही तिघं तीन बाजूंना शोधू लागलो. माझ्या मनात पाप आलं. खिशातला दुसरा चेंडू हळूच पायाशी सोडला आणि ओरडलो, "सापडला!"

तेवढ्यात वीस पावलांवर नाना मातीतून उठले. जमिनीला गाल टेकवून त्यांनी भेगेत हात घातला होता. नवी टोपी मातीने काळी झालेली, आणि हातात चेंडू. "भाऊ, हाऊ घ्या!" म्हणाले आणि माझ्या पायाशी पाहून थांबले. साहेब एकदा त्या चेंडूकडे पाहत होते, एकदा याच्याकडे. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, "हाऊ मांगला सालना शे, साहेब." आणि चेंडू बंडीच्या खिशात घातला.

मी जिंकलो. साहेबांनी हस्तांदोलन केलं. ते गेल्यावर मी नानांना म्हणालो, "वाचवलंत हो!" त्यांनी तो चेंडू माझ्या हातावर ठेवला. "मन्हं माप आज खोटं पडनं, भाऊ. आते तुम्हीच मोजा."

त्यानंतर नाना रोज यायचे, सारवायचे, निंबाखाली बसायचे. पण तोंडातून आकडा नाही. मी एकटा मनात मोजायचो. त्या पंधरवड्यात मी फार थोड्या फटक्यांत खेळलो, इतक्या थोड्या, की माझं मलाच खरं वाटेना. काटे आल्यावरही जे माप नानांपाशी उरलं होतं, ते मी एका चेंडूपायी घालवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

शेवटी एके सकाळी नानांच्या शेजारी बाजेवर बसून साहेबांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडून साहेब हसत म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. मागच्या वर्षीचा चेंडू एवढा पांढरा असतो होय? पण त्या नानांना माझा नमस्कार सांगा. तुमच्यासारख्यासाठी खोटं बोलायचं म्हणजे फार सोसावं लागलं असेल."

नानांनी माझी पिशवी स्वतः उचलून पहिल्या भोकाच्या वाटेवर नेऊन ठेवली. मी फटका मारला. अर्थात हुकला.

"लाभ!" नाना ओरडले. इतका गोड शब्द मी दुसरा ऐकलेला नाही.

गेल्या दिवाळीनंतर नाना गेले. चार दिवस तापाचं निमित्त झालं. या मार्चमध्ये पऱ्हाट्या निघाल्यावर मी पिशवी घेऊन शेतात गेलो. खळी सारवलेली नव्हती. एका पाइपात पालापाचोळा. मी नेम धरला, काठी फिरवली. चेंडू जागीच. आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. न मोजता सोडून दिला असता तर कुणाला कळणार होतं? मग छाती भरून ओरडलो, "लाभ!"

शेजारच्या केळीच्या बागेतून एक अक्का धावत बांधावर आल्या. मला पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. "माले वाटनं, नानाच परत उनात."

मला पुढे काही दिसेना. तरी काठी फिरवली.

"दोन," मी म्हणालो.