चारदा पास झालेली मशीन

ये गं पोरी, जवळ बस. इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट तयारच इकत आणणार म्हणतीस? लाज न्हाई वाटत?

हिंगोलीत डेपोमागं एक मोटार वायंडिंगवाला होता. पंखा जळला की मी त्याच्याकडं जायची. नाव कधी विचारलं न्हाई. शाळा अर्धी सुटलेली. खोलून, चुकून, पुन्हा जोडून शिकलेला. तार दातानं सोलायचा. त्यानं हळद पॉलिश करायची छोटी मशीन केली होती. कॉलेजची पोरं दरसाली तीच नेऊन आपली म्हणून दाखवायची अन् पास व्हायची.

मी म्हणलं, "दादा, काहून देता?"

तारेवरची नजर न काढता म्हणला, "माय, माझी मशीन चारदा इंजिनिअर झाली. मला कॉलेजच्या गेटच्या आत बी घेत न्हाईत."

तू तुझी मशीन स्वतः कर. चालली न्हाई तरी तीच घेऊन मला दाखवायला लवकर ये.