सायरागुल आणि आडवं बाळ

सायरागुल माझ्या थोरल्या भावाची सून. आमच्या खोऱ्यात सुई तीच टोचते, बाळंतपण तीच करते, घोड्यानं लाथ मारली तरी लोक तिच्याच दारात. एकदा एक जण लंगडा मेंढा घेऊन आला. तिनं त्याच्याही पायाला फळ्या बांधल्या. नाही म्हणायला जास्त दम लागतो, असं तिचं म्हणणं.

हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या शाळेत शिबिर भरलं. शहरातून कालिचा डॉक्टरीणबाई मुठीत मावणारी सोनोग्राफीची यंत्रं घेऊन आल्या. आसपासच्या खोऱ्यांतल्या आरोग्यसेविका पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसल्या. शेगडीत गोवऱ्या घालायचं काम माझ्याकडे, म्हणून मीही अर्धा डॉक्टर झालो. पडद्यावरच्या करड्या धुक्यात डोकं कुठलं, पाठ कुठली, हे शोधता शोधता सायरागुलचा डोळा लागायचा.

"सायरागुल, झोपायचंय ते बाळानं. तुम्ही नाही."

"त्याला कोणी उठवायला येत नाही ना, बाई."

बाईंचा एकच हट्ट होता. पोटुशी आधीच घाबरलेली असते, तेव्हा तिच्यासमोर रशियन शब्द काढायचे नाहीत, आपल्या बोलीत बोलायचं. आणि पहिला हिवाळाभर जे दिसेल ते त्यांना फोनवर सांगायचं, मगच पुढचं ठरवायचं.

खिंडीत बर्फ उतरू लागलं तेव्हा खोऱ्याच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या बेगिमायचे दिवस भरत आले होते. मी सायरागुलला गाडीतून बेगिमायच्या घरी नेलं. सायरागुलनं जेलची बाटली काखेत धरून कोमट केली, पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं. डोकं एका कुशीला, पाय दुसऱ्या. अंगणात येऊन तिनं फोन लावला.

आता आमच्या बोलीची गंमत बघा. 'तूरा' म्हणजे सरळ, बरोबर. त्यालाच शेपूट लावून 'तूरासिनान' म्हटलं की झालं आडवं. सायरागुल आख्खा शब्द बोलली. शेपूट वाटेत डोंगरानं खाल्लं.

"तूरा? छान. मग घरीच राहू दे," बाई म्हणाल्या आणि फोन तुटला.

सायरागुल पायरीवर बसली. "मला तर आडवं दिसलं, मामंजी. पण त्यांना जास्त कळतं. माझ्या डोळ्यांचा आता मलाच भरवसा नाही."

दारात उभी असलेली बेगिमायची सासू मात्र खुशीत होती. "बोरसोकाचे गोड गोळे तळते. मोठी डॉक्टरीणच म्हणाली, पोर सरळ आहे."

सायरागुलनं मान वर केली. "काय म्हणाली?"

"सरळ. तूरा. मी ऐकलं ना."

शेपूट बाईंपर्यंत पोचलंच नाही, हे आता सायरागुलच्या ध्यानात आलं. मग उठली, गोठ्याला शिडी लावली आणि छपरावर चढली, कारण आवाज तिथेच धड पोचतो. आमच्या घरात सुनेनं सासऱ्यांसमोर आवाज चढवायचा नसतो. ती ओरडली ते पार नदीपर्यंत ऐकू गेलं.

"बाई, बकरी ओढायच्या खेळात खोगिरावर बकरी टाकतात ना, तसं पडलंय. डोकं डाव्या कुशीला."

फोनमधला आवाज खाली आमच्यापर्यंत आला.

"खिंड बंद व्हायच्या आत निघा," बाई म्हणाल्या. "घरी कळा सुरू झाल्या तर दोघंही हाती लागायची नाहीत. इस्पितळात मी कळवते."

"आणि मी पीठ तिंबलंय त्याचं काय?" सासूनं विचारलं.

"तिंबलेलं राहू द्या. तुम्ही गाडीत बसा," सायरागुल शिडीवरून उतरता उतरता म्हणाली.

मागच्या बाकावर सासूच्या मांडीवर डोकं ठेवून बेगिमाय कुशीवर पडली. सायरागुल खाली पायांपाशी दाटीवाटीनं बसून तिच्या पोटावर हात ठेवून होती. पोरीचं मन रमावं म्हणून मी आमच्या आजोबांचा घोडा बर्फात कसा हरवला ते सुरू केलं.

"मामंजी, घोडा राहू द्या. रस्ता बघा."

चाकं घसरली, दोनदा खाली उतरून ढकलावं लागलं, त्यातही सायरागुल होतीच. इस्पितळात बेगिमायला लगेच आत घेतलं. सायरागुल बाहेरच्या बाकावर बुटांसकट आडवी झाली.

बऱ्याच वेळानं नर्स आली. पोट उघडून बाळ काढलं, मुलगी झाली. मी धावत बाकाशी गेलो.

"दोघी?" सायरागुलनं डोळे न उघडता विचारलं.

"दोघी."

"हं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

माझ्या पोटात काही राहीना. शेजारच्या बाकावरच्या अनोळखी म्हाताऱ्याला धरून मी अगदी शिबिरापासून सुरुवात केली. जेमतेम छपरापर्यंत आलो असेन, तर भिंतीकडून आवाज आला, "हळू, मामंजी."