शेगडी विझवून बघितलेला ताप

आमच्या मुलीच्या जन्मानंतर मी लालबागच्या चाळीत जी पहिली बातमी फोडली, ती साफ खोटी निघाली. बायको नुकताच शेक घेऊन उठली होती. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशोपा, खोलीभर धूर, अंगावर दोन गोधड्या. अशा वेळी नव्या बापाने हौसेने आणलेला थर्मामीटर बायकोच्या काखेत लावू नये. मी लावला. पारा चढलेला बघून गॅलरीतून बोंबललो, "ताप आलाय! बाळंतिणीला ताप!" आणि बनियनवरच धावत जाऊन पालिकेच्या हेल्थ पोस्टमधल्या सिस्टरना घेऊन आलो.

सिस्टरनी आधी शेगडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, इथे मला लावलात तरी एवढाच चढेल. शेगडी विझवा, थोडं थांबा, मग बघा. पण बघत राहा हं."

ते शेवटचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. चाळीने मला डॉक्टर करून टाकलं. नळावर, जिन्यात, "काय डॉक्टर, आज पारा किती?" मला तेव्हा फार राग यायचा. आता तिथे टॉवर उभा आहे, लिफ्टमध्ये कोणी कोणाची चौकशीसुद्धा करत नाही. कुठे ओवा भाजल्याचा वास आला की मला ती गॅलरी आठवते, आणि ते हसणंही.

बारशाच्या आदल्या दिवशी बायको कुडकुडायला लागली.

"दूध भरला की ताप येताच," माझी आई तिच्या मालवणीत म्हणाली. "तू परत चाळ गोळा करू नको."

"ओटीपोटात खूप दुखतंय हो," बायको गोधडीतून म्हणाली. "लावा तो तुमचा."

सकाळची शेगडी कधीच विझली होती. तरी ती उचलून गॅलरीत ठेवली, खिडकी उघडली, थांबलो. पारा वरच.

सिस्टर त्या दिवशी खालीच, मंडळाच्या हॉलमध्ये बाळांना लस टोचत होत्या. म्हणजे सगळी चाळ तिथेच. मी त्यांच्या कानाशी जाऊन पुटपुटलो.

"मोठ्याने बोला भाऊ, पोरं रडतायत."

"ताप आलाय. बाळंतिणीला."

हॉल खदखदून हसला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "शेगडी विझवलीस का रे?"

"विझवली. पोटातही दुखतंय."

सिस्टर हसल्या नाहीत. लसीचा डबा जोडीदारणीकडे देऊन त्या जिना चढल्या. मला खोलीबाहेर काढलं. दाराआडून त्यांचे प्रश्न ऐकू येत होते. अंगावरून जातंय त्याला वास येतो का, कधीपासून. बाहेर आल्या त्या घाईनेच.

"गर्भाशयात जंतू गेले असावेत. घरात ठेवू नका. टॅक्सी आणा, आत्ता."

टॅक्सी आणली ती मघाच्या काकूंनीच. बाळ पोटाशी धरून आई पुढच्या सीटवर बसली आणि परळच्या इस्पितळापर्यंत ड्रायव्हरला घाई करत राहिली. मग सलाइन, इंजेक्शनं, आणि माझं बाकड्यावर बसणं. अखेर ताप उतरला. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं.

काकूंनी मात्र इस्पितळात येऊन बायकोला हॉलमधली सगळी हकीकत सांगितली होती. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "खोटा ताप होता तेव्हा गॅलरीतून बोंबललात. खरा आला तेव्हा कानात पुटपुटलात? पुढच्या वेळी बोंबलाच. हसतील ते हसतील, त्यांच्याकडे मी बघते."